फरंग, खॅक आणि तांग दाव : थाई भाषेत परक्याला काय म्हणतात?

बँकॉकच्या पदपथांवर काचेची पेटी बसवलेल्या हातगाड्या उभ्या असतात. पेटीत बर्फावर कलिंगड, अननस, कच्चा आंबा आणि पेरू मांडलेले असतात, आणि गिऱ्हाइकाने बोट दाखवले की विक्रेती त्या फळाच्या फोडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरते, सोबत मीठ, साखर आणि लाल तिखट एकत्र केलेली एक पुडी देते आणि फोडी टोचून खायला बांबूची काडी देते. यातल्या पेरूला थाई भाषेत ‘फरंग’ म्हणतात. गाडीसमोर उभ्या असलेल्या गोऱ्या युरोपीय गिऱ्हाइकालाही फरंगच म्हणतात. त्यामुळे एखादा गोरा पर्यटक पेरू खाताना दिसला की ‘फरंग किन फरंग’, म्हणजे ‘फरंग फरंग खातोय’, हा विनोद ठरलेला असतो. तो इतका जुना झाला आहे की थायलंडमध्ये वर्षभर राहिलेला गोरा माणूस तो स्वतःच आधी करून टाकतो.

विनोद निरुपद्रवी असला तरी त्यामागचा प्रश्न अनेक परदेशी लोकांना मनापासून छळतो. फरंग हा शब्द अपमानकारक आहे का? थायलंडमध्ये राहणारे युरोपीय आणि अमेरिकी लोक यावर वर्षानुवर्षे हिरिरीने वाद घालत आले आहेत. माझ्या मते मात्र हा प्रश्न चुकीच्या शब्दाभोवती फिरतो आहे, कारण थाई भाषेत परक्या माणसासाठी एकच शब्द नाही, अनेक आहेत, आणि त्यांतला सर्वांत हलका भार गोऱ्या माणसाच्या वाट्याला आला आहे. शिवाय थायलंडला जाणाऱ्या मराठी माणसाला कोणी फरंग म्हणणार नाही. त्याच्यासाठी दुसराच शब्द आहे आणि त्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तरीही सुरुवात फरंगपासूनच करणे सोयीचे आहे, कारण हा शब्द मराठी वाचकाला परका नाही.

फरंग म्हणजे आपला फिरंगी. मध्ययुगात पश्चिम युरोपातील ‘फ्रँक’ लोकांवरून अरबी आणि फारसी भाषांनी सर्वच युरोपीय ख्रिस्ती लोकांना फरंज, फरंग, फरंगी अशी नावे दिली आणि व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती नावे हिंदी महासागराच्या काठाकाठाने पसरली. आपल्याकडे फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. वसईच्या आसपासचा त्यांचा मुलूख म्हणजे फिरंगाण, युरोपीय पात्याची सरळ तलवार म्हणजे फिरंग, आणि त्यांच्याबरोबर आलेला गुप्तरोग म्हणजे फिरंगोपदंश. मलेशियात पिनांग बेटावर बातू फेरिंगी नावाचा किनारा आहे, तर कंबोडियात गोऱ्या माणसाला ‘बारांग’ म्हणतात. ही सर्व एकाच घरची भावंडे आहेत.

थायलंडमध्ये पुष्कळ लोक, आणि काही मार्गदर्शक पुस्तकेसुद्धा, असे सांगतात की फ्रान्सचे थाई नाव ‘फरंगसेत’ आहे आणि त्याचे पुढचे टोक तोडून फरंग हा शब्द तयार झाला. ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण ती खरी मानण्याचे कारण नाही. राजा नाराय यांच्या दरबारात फ्रेंच वकिलाती आल्या त्या १६८५ आणि १६८७ साली. त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, १५१० साली गोवा आणि १५११ साली मलाक्का जिंकणाऱ्या अफोंसो दे अल्बुकर्कने दुआर्ते फर्नांदिस याला सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, तेव्हाची राजधानी अयुथ्या येथे वकील म्हणून धाडले होते. फारसी बोलणारे व्यापारीही या बंदरांत वावरत होते. म्हणजे गोऱ्या माणसासाठी तयार नाव हाताशी असताना सयामी लोक फ्रेंचांची वाट पाहत थांबले असतील, हे संभवत नाही.

येथे एक मौजेचे साम्य नोंदवण्यासारखे आहे. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य टोपीकरांची यादी देतात तेव्हा ते सर्वांना एका पोत्यात घालत नाहीत. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार (म्हणजे डेन्मार्कचे लोक) अशी त्यांची वेगवेगळी नावे ते लिहितात. अयुथ्याच्या लोकांनीही तेच केले. डचांना ते ‘विलंदा’ म्हणत, इंग्रजांना ‘अंक्रित’ आणि फ्रेंचांना ‘फरंगसेत’. वलंदेज आणि विलंदा, इंग्रज आणि अंक्रित या जोड्या पाहिल्या की दोन्ही किनाऱ्यांवर एकच जहाज लागून गेले आहे हे कळते. पुढे आपल्याकडे फिरंगी हा शब्द जुनाट झाला आणि कथा-कादंबऱ्यांपुरता उरला. थायलंडमध्ये मात्र फरंग रोजच्या वापरात राहिला आणि त्याचा अर्थ ‘गोरा पाश्चात्त्य माणूस’ असा पक्का झाला. जपानी, कोरियन किंवा चिनी माणूस कितीही दुरून आला तरी तो फरंग होत नाही. आफ्रिकी वंशाच्या माणसालाही सहसा कोणी नुसते फरंग म्हणत नाही. अमेरिकी सैनिकांचे तळ थायलंडमध्ये होते त्या काळात कृष्णवर्णीय सैनिकाला ‘फरंग दाम’, म्हणजे काळा फरंग, असे विशेषण जोडून म्हटले जाई, यावरूनच मूळ शब्दात गोरेपणा गृहीत धरलेला आहे हे दिसते.

पेरूला फरंग का म्हणतात, याचे उत्तरही त्याच जहाजावर आहे. हे फळ मूळचे अमेरिका खंडातले, आणि ते आशियात आणले ते युरोपीय दर्यावर्दी लोकांनी. फिरंग्यांबरोबर आलेले फळ म्हणून ते फरंग. बटाटा म्हणजे ‘मन फरंग’, अर्थात फरंगांचा कंद. शतावरीचे कोंब म्हणजे ‘नॉ माय फरंग’, फरंगांचे बांबूचे कोंब. च्युइंगगमला दिलेले नाव सर्वांत झकास आहे. त्याला ‘माक फरंग’ म्हणतात, आणि माक म्हणजे सुपारी. जुन्या थाई माणसाच्या दृष्टीने गोऱ्यांची सुपारी ती हीच, चघळायची आणि थुंकायची. ईशान्येकडील इसान प्रांतात पेरूला ‘माक सीदा’ किंवा ‘बक सीदा’ असे स्थानिक नाव आहे, आणि तेथे गोऱ्या माणसालाही गमतीने ‘बक सीदा’ म्हणतात, म्हणजे शब्द बदलला तरी विनोद तोच राहतो. रामायणातील सीतेचे थाई नावही सीदाच आहे, त्यामुळे मराठी वाचकाला येथे आपले सीताफळ आठवल्यावाचून राहणार नाही.

बाहेरून आलेल्या वस्तूंसाठी थाई भाषेत आणखी एक प्रत्यय आहे, तो म्हणजे ‘थेत’. टोमॅटो म्हणजे ‘मखुआ थेत’, बाहेरचे वांगे. मसाल्याचे पदार्थ म्हणजे ‘ख्रुआंग थेत’, बाहेरचे जिन्नस. ‘मखाम थेत’ म्हणजे बाहेरची चिंच, आणि ती नेमकी कोणती, तर जिला आपण विलायती चिंच म्हणतो तीच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच झाडाला एकच नाव दिले आहे. थेत हा शब्द मात्र संस्कृत ‘देश’ वरून आला आहे. आपण ‘देशी’ म्हणजे घरचे आणि ‘विदेशी’ म्हणजे बाहेरचे असे मानतो, तर थाई भाषेत हा देशच बाहेरचा अर्थ घेऊन बसला आहे.

आता अपमानाचा प्रश्न. नुसता फरंग हा शब्द अपमानकारक नाही. ‘आहान फरंग’ म्हणजे पाश्चात्त्य जेवण आणि ‘नांग फरंग’ म्हणजे हॉलिवूडचा चित्रपट, हे शब्द कोणत्याही राग-लोभाशिवाय वापरले जातात. थाई भाषेत धार येते ती आजूबाजूच्या छोट्या शब्दांतून. आधी ‘खुन’ लावले की ‘खुन फरंग’ होते, म्हणजे साहेब. आधी ‘आय’ लावले की ‘आय फरंग’ होते, आणि त्याचा सूर ‘तो साला गोरा’ असा होतो. ‘तो’ या अर्थी आदराचे सर्वनाम न वापरता ‘मन’ वापरले, जे प्राण्यांसाठी आणि वस्तूंसाठी असते, तरी तोच परिणाम साधतो. २०२०च्या फेब्रुवारीत, करोनाची साथ सुरू होत असताना, मोफत मास्क नाकारणाऱ्या गोऱ्या पर्यटकांवर चिडून तेव्हाच्या थाई आरोग्यमंत्र्यांनी अशा फरंगांना देशाबाहेर हाकलले पाहिजे असे म्हटले आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. तेथेही लोकांना बोचला तो शब्दापेक्षा सूर.

खरोखर टोचणारा शब्द आहे ‘फरंग खी नोक’. खी नोक म्हणजे पक्ष्याची विष्ठा. मुळात हे पेरूच्याच एका लहान, आतून गुलाबी असलेल्या जुन्या जातीचे नाव आहे. पक्षी ते फळ खातात, बी टाकतात आणि झाड कोठेही उगवते, म्हणून हे नाव. माणसाला लावले की त्याचा अर्थ होतो फाटका, कळकट, पैशांसाठी घासाघीस करणारा गोरा. या शिवीमध्ये एक अपेक्षा लपलेली आहे, ती अशी की फरंग म्हटला की तो पैसेवाला आणि नीटनेटका असलाच पाहिजे. ज्या शिवीचा आधारच ‘तू तर श्रीमंत असायला हवा होतास’ हा आहे, ती शिवी मला तरी फार क्रूर वाटत नाही.

‘खॅक’ या शब्दाचे तसे नाही, आणि मराठी माणसाला लागू होतो तो हाच. खॅक म्हणजे पाहुणा. दिवाणखान्याला थाई भाषेत ‘हॉंग रप खॅक’ म्हणतात, म्हणजे पाहुण्यांचे स्वागत करण्याची खोली. कापणीच्या वेळी गावातील शेजारी एकमेकांच्या शेतात कामाला जात, त्या प्रथेला ‘लोंग खॅक’ म्हणत. आपल्याकडील इर्जिकीची ही थाई बहीण म्हणता येईल. हा शब्द चिनी भाषेतून आला आहे, आणि त्याचे चिनी रूप आपल्याला एका अनपेक्षित ठिकाणी भेटते. हक्का नूडल्समधील ‘हक्का’ हे ज्या चिनी समाजाचे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘पाहुणी कुटुंबे’ असा होतो. त्यातला ‘हक्’ आणि थाई ‘खॅक’ एकाच मुळाचे आहेत.

पण खॅकचा दुसरा अर्थ आहे पश्चिमेकडून किंवा दक्षिणेकडून समुद्रमार्गे आलेला सावळा माणूस. थाई प्रमाण शब्दकोशात पाहुणा या अर्थानंतर भारत, श्रीलंका, पाकिस्तान, अफगाणिस्तान, जावा, मलाय अशा प्रदेशांतील लोक हा अर्थ दिलेला आहे, आणि पुढे मध्यपूर्वेचे लोकही त्यात येतात. तमिळ हिंदू, पंजाबी शीख, इराणी शिया, जावाचा मुसलमान आणि आपला पुण्याचा माणूस हे सारे एकाच शब्दात बसवले जातात. धर्म, भाषा, प्रदेश यांपैकी काहीही त्या सर्वांत समान नाही. समान आहे ते हे की अयुथ्याच्या बंदरावर ते एकाच खिडकीपाशी उभे राहत असत. सयामच्या दरबारात व्यापाराची दोन खाती होती. डाव्या बंदराच्या खात्याकडे चिनी व्यापार होता आणि उजव्या बंदराच्या खात्याकडे हिंदी महासागराचा, विशेषतः मुसलमान व्यापाऱ्यांचा. सतराव्या शतकाच्या आरंभी इराणमधील कोम शहरातून आलेले शेख अहमद या उजव्या खात्याचे प्रमुख झाले, आणि त्यांच्याच वंशातून पुढे थायलंडचे प्रसिद्ध बुन्नाग घराणे आले. यातला उपरोध असा की ‘फरंग’ हा शब्द फारसीच्या वाटेने आलेला, पण फारसी बोलणारे मात्र खॅक ठरले.

जुन्या सयामला हे वर्गीकरण सूक्ष्मपणे करता येत नव्हते असे नाही. तिसऱ्या राम राजाच्या काळात, म्हणजे १८२४ ते १८५१ या दरम्यान, बँकॉकच्या वत फो या विहारात परभाषक लोकांच्या मूर्ती आणि त्यांचे वर्णन करणारी पद्ये बसवण्यात आली. त्यांत ३२ प्रकारचे लोक आहेत, आणि पठाण, तमिळ मुसलमान चुलिया, हिंदू ब्राह्मण यांना वेगवेगळी जागा दिलेली आहे. या मालिकेचे नाव ‘परदेशी’ असे नाही, ‘परभाषी लोकांची चित्रे’ असे आहे, आणि तेव्हा माणूस परका ठरत होता तो पासपोर्टवरून ठरत नव्हता, बोलीवरून आणि पेहरावावरून ठरत होता, हे त्यातून समजते. थाई अभिजात संगीतातही हाच दृष्टिकोन दिसतो. तेथे खॅक, चिनी, लाओ, ख्मेर, मोन, बर्मी, फरंग अशा ढंगांच्या चाली आहेत, आणि त्या एकापाठोपाठ एक वाजवण्याच्या प्रकाराला ‘बारा भाषा’ असे नाव आहे. पण हे पंडितांचे आणि कलावंतांचे काम झाले. बाजारात सगळे खॅकच.

मग बाजारात खॅकची प्रतिमा काय होती? शेंगदाणे-चणे विकणारा ‘खॅक खाय थुआ’, मच्छरदाण्या उधारीवर विकून दर महिन्याला हप्ता गोळा करणारा खॅक, रात्री गोदामापाशी बसणारा ‘खॅक याम’. यातला ‘याम’ म्हणजे संस्कृतमधला प्रहर, त्यावरून पहारा आणि पहारेकरी. बँकॉकच्या फाहुरात भागातील कापडाचे शीख व्यापारी श्रीमंत होते आणि त्यांना मानही होता, पण लोकांच्या मनातले चित्र हप्ता मागायला येणाऱ्या माणसाचेच राहिले. थाई भाषेत एक कुप्रसिद्ध म्हण आहे की साप आणि खॅक एकाच वेळी दिसले तर आधी खॅकला मारावे. असल्याच साच्याची म्हण भारतातही निरनिराळ्या समाजांविषयी सांगितली जाते, तेव्हा त्यावर आपण नाक मुरडावे अशी आपली स्थिती नाही. त्याच वेळी ‘क्लुआय खॅक’, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या केळ्याच्या कापा, हा साऱ्या बँकॉकचा आवडता खाऊ आहे, आणि ‘थुआ खॅक’ म्हणजे आपली फरसबी. एकाच भाजीला मराठीने फ्रेंचांचे नाव दिले आणि थाई भाषेने खॅकांचे.

भारतीय पर्यटकाला खॅक म्हटले तर त्याला सहसा कळतही नाही, आणि कळले तरी तो चार दिवसांनी घरी परतणार असतो. हा शब्द ज्यांना खरोखर जखम करतो ते लोक थायलंडच्या दक्षिण टोकाला राहतात. पत्तानी, याला आणि नराथिवात या प्रांतांत मलाय बोलणारे मुसलमान बहुसंख्य आहेत. पत्तानीचे सुलतानी राज्य अठराव्या शतकाच्या अखेरीस सयामने जिंकले, आणि १९०९ साली ब्रिटनशी झालेल्या करारानंतर आज आहे ती सीमा ठरली. हे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. सीमा त्यांच्या अंगावरून गेली, ते सीमा ओलांडून आले नाहीत. अशा माणसाला बँकॉकहून आलेला कारकून खॅक म्हणतो, म्हणजे त्याला त्याच्याच घरात पाहुणा ठरवतो. सरकारी भाषेत त्यांना ‘थाई मुस्लिम’ म्हणतात. तो शब्द सभ्य आहे, पण त्यात ‘मलाय’ ही ओळख पुसली जाते अशी तक्रार त्यांच्यापैकी अनेकजण करतात.

ग्रामीण महाराष्ट्रातील वाचकाला यातली मेख लवकर समजेल. सातारा-कोल्हापूरकडे अनोळखी माणूस दिसला की ‘काय पावणं, कुठल्या गावचं?’ असे विचारतात. त्यात आपुलकी असते, पण त्यात हेही असते की तुम्ही इथले नाही. हाच प्रश्न गावात चाळीस वर्षे राहिलेल्या माणसाला रोज विचारला तर त्याला काय वाटेल, याची कल्पना करून पाहावी.

चिनी माणसासाठीचा शिवीवजा शब्द आहे ‘चेक’. बहुतेक जाणकारांच्या मते तो तेओच्यू या चिनी बोलीतल्या काकाला उद्देशून वापरायच्या शब्दावरून आला, आणि थायलंडमधील चिनी लोकांत तेओच्यू बोलणारेच सर्वाधिक आहेत. चिनी मुले मोठ्या माणसांना आदराने काका म्हणत, ते थाई कानांनी ऐकले, आणि आदराच्या हाकेची शिवी झाली. मुंबईत हिंदी ‘भैया’ या शब्दाचे आपण नेमके हेच केले आहे. मूळ अर्थ भाऊ, पण मराठी तोंडून तो कोणत्या सुरात येतो हे सांगायला नको. आणि ‘घाटी’ हा तर निव्वळ भूगोलाचा शब्द, तरी मुंबईत मराठी माणसाला तो कसा लागतो हेही आपण अनुभवले आहे.

चेक या शब्दाला राजकारणाची साथही मिळाली. राजा वजिरावुध यांनी १९१४ साली टोपणनावाने लिहिलेल्या लेखात चिनी लोकांना ‘पूर्वेकडचे ज्यू’ म्हटले. १९३९ साली सयामचे नाव थायलंड झाले, त्या काळात चिनी शाळा, वृत्तपत्रे आणि धंदे यांच्यावर निर्बंध आले आणि अनेक कुटुंबांनी लांबलचक थाई आडनावे घेतली. आज चित्र पालटले आहे. चिनी वंशाची माणसे उद्योगात, विद्यापीठांत आणि पंतप्रधानपदापर्यंत पोहोचली आहेत, ‘लूक चीन’ म्हणजे चिन्यांचे वंशज हे नाव अभिमानाने मिरवले जाते, आणि काही लेखक तर मुद्दाम स्वतःला चेक म्हणवून घेतात. ज्याच्या हाती पैसा आणि मान आला त्याला शिवीचीही गंमत करता येते. गोऱ्या बापाच्या किंवा आईच्या मिश्र मुलांसाठी असलेला ‘लूक ख्रुंग’, म्हणजे अर्धे मूल, हा शब्दही असाच वर चढला आहे. अमेरिकी तळांच्या काळात त्याला बदनामीचा वास होता, आता जाहिराती आणि मालिकांत याच चेहऱ्यांना मागणी असते.

शेजाऱ्यांच्या वाट्याला आलेले शब्द थोडक्यात सांगतो. ‘लाओ’ हे राष्ट्राचे नाव, पण बँकॉकमध्ये ‘लाओ’ म्हणजे गावंढळ. व्हिएतनामी माणसाला इसानमध्ये ‘कॅव’ म्हणतात आणि ते तुच्छतेचे आहे. जपान्यांसाठीचा ‘युन’ हा मात्र जरा थट्टेचा शब्द आहे.

‘तांग दाव’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण हा शिवी नसलेला, थेट कायद्यातला शब्द आहे. ‘दाव’ म्हणजे मुलूख, आणि तांग दाव म्हणजे वेगळ्या मुलखाचा. १९९९ सालचा परदेशी व्यवसायांविषयीचा कायदा आणि कामाच्या परवान्यांचे नियम यांत परदेशी माणसाला ‘खोन तांग दाव’ म्हटले आहे. थाई भाषेत पाच सूर आहेत. मुलूख या अर्थाचा ‘दाव’ उतरत्या सुरात उच्चारतात, आणि तोच उच्चार सपाट सुरात केला तर त्याचा अर्थ ‘तारा’ होतो. म्हणून सूर चुकला की परदेशी माणसाचा परग्रहवासी होतो, आणि परग्रहावरच्या माणसाला थाई भाषेत खरोखरच तेच, सपाट सुरातले, ‘तांग दाव’ म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने जर्मन हॉटेलमालक आणि मासळीच्या कारखान्यात कोळंबी सोलणारी म्यानमारची मुलगी, दोघेही तांग दाव आहेत. पण वृत्तपत्रात ‘रॅंग-ङान तांग दाव’ असा मथळा आला की तो म्यानमार, लाओस आणि कंबोडियाच्या मजुरांविषयी असतो, आणि त्याच्या मागेपुढे रोगराई, गुन्हा किंवा धाड यांपैकी काहीतरी असते. जर्मन हॉटेलमालकाला रस्त्यावर कोणी तांग दाव म्हणत नाही, त्याला फरंग म्हणतात. कायद्याने एका ओळीत उभे केलेल्या माणसांना भाषा पुन्हा वेगवेगळ्या रांगांत उभे करते, आणि फरंग शब्दाविषयी तक्रार करणाऱ्यांच्या हे क्वचितच लक्षात येते. मजुरांसाठी काम करणाऱ्या संस्था आता ‘रॅंग-ङान खाम छात’, म्हणजे राष्ट्रसीमा ओलांडून आलेले कामगार, असे म्हणणे पसंत करतात.

मग सभ्य शब्द कोणता? ‘खोन तांग छात’ किंवा ‘छाव तांग प्रथेत’ म्हणावे. पहिल्यातला ‘छात’ म्हणजे संस्कृत ‘जाति’, आणि दुसऱ्यातला ‘प्रथेत’ म्हणजे ‘प्रदेश’. भारतीय माणसाला ‘खोन इंदिया’ म्हटले की कोणाचीच हरकत नसते, आणि तरुण थाई लोक आता बहुधा तसेच म्हणतात. परक्याविषयी सभ्यपणे बोलण्याची सगळी शब्दसंपत्ती भारतातून आलेली, आणि भारतातून आलेला माणूस मात्र खॅक, ही विसंगती येथे उघडी पडते. बँकॉकमध्ये १७८४ साली बांधलेले देवस्थान नावाचे मंदिर आहे. तेथील दरबारी ब्राह्मणांचे पूर्वज दक्षिण भारतातून आले असे मानतात, आणि २०१९ साली सध्याच्या राजाचा राज्याभिषेक झाला तेव्हाही त्यांनीच विधी केले. त्यांना कोणी खॅक म्हणत नाही, ते ‘फ्राम’ आहेत, म्हणजे ब्राह्मण. जो भारत हजार वर्षांपूर्वी आला तो घरचा झाला. जो शंभर वर्षांपूर्वी कापडाचे गठ्ठे घेऊन आला तो पाहुणा राहिला.

बँकॉकच्या सिलोम रस्त्यावर तमिळ लोकांनी १८७९ साली उभारलेले मारिअम्मनचे देऊळ आहे. नवरात्रात तेथून निघणाऱ्या मिरवणुकीसाठी रस्ता बंद ठेवतात आणि झेंडूच्या माळा, नारळ घेऊन बसणाऱ्या भक्तांत थाई लोकच अधिक असतात. देवळाचे अधिकृत थाई नाव ‘वत फ्र सी महा उमाथेवी’ असे भारदस्त आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहिले तर तो आरशातून प्रश्नार्थक नजरेने मागे बघतो. तेथे पोहोचायचे असेल तर मागच्या आसनावर बसलेल्या आपल्यासारख्या खॅकला ‘वत खॅक’ असेच म्हणावे लागते.